लेकीसुनांच्या विद्येचे कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाचे तबक फिरवले, सहलीच्या दिवशी डबे मोजले. माइकपुढे उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही जावेच्या कागदांसाठी वर्षभर धावपळ केलीत. तेवढेच बायकांना सांगा, पुष्कळ झाले." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले तर पदरात घ्यावे.

विषय असा की, येथे मास्तरकीचे रीतसर शिक्षण घेतलेली मुलगी लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी गेली, तर तिच्या त्या शिक्षणाचे पुढे काय होते? तिकडचे लोक ते मानतात का? आणि मानावे म्हणून आपण येथे बसून काय करू शकतो?

हा प्रश्न आता दोनचार घरांपुरता राहिलेला नाही. ठाणे घ्या, कल्याण घ्या, आपली डोंबिवली घ्या. ज्या इमारतीत जावे तेथे एखाद्या तरी घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे. मुलगा कंपनीच्या कामासाठी जातो. त्याचे कागद कंपनी पाहते. सून त्याच्या पाठोपाठ जाते. ती येथे बी. एड. झालेली असते, एखाद्या शाळेत आठदहा वर्षे शिकवीत असते, वर्गात तिचा दरारा असतो. विमानात बसली की ती नुसती "अमक्याची बायको" होते. तिची पदवी बॅगेच्या तळाशी, लोणच्याच्या बरण्यांखाली. एवढा खर्च, एवढी जागरणे, एवढी वर्षे, सगळे त्या बॅगेत बंद.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरला नाही त्रास होत तो मास्तरणीलाच का? मलाही हाच प्रश्न पडला होता. विचार केला तेव्हा उत्तर सापडले. कंपनीला फक्त काम येते की नाही हे पाहायचे असते. शाळेत लोकांची पोरे सोपवलेली असतात. म्हणून बहुतेक देशांत सरकारी शाळेत शिकवायला सरकारचा परवाना लागतो. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? बाहेरदेशची पदवी घेऊन येथे आलेल्याला ती इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असा दाखला घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे हे काम दिल्लीचा भारतीय विश्वविद्यालय संघ करीत आला, आणि २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी नवे नियम केले. शिवाय पहिली ते आठवीच्या शिक्षकाला पात्रता परीक्षा आहेच. महाराष्ट्राची ती परीक्षा २०१३ सालापासून होते. तेव्हा तिकडचे लोक कागद मागतात म्हणून ते आपल्याला कमी लेखतात, असे मनात आणू नये. आपणही तेच करतो.

आता माझ्याविषयी दोन शब्द सांगते, कारण ते विषयाला धरून आहेत. मी सातवी शिकले. मुरबाडकडच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल लांब होते. तेथेच शिक्षण संपले. माझे आजोबाही सातवीच होते. पण त्यांच्या काळात सातवीला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत, आणि ती परीक्षा पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होई. आजोबा मास्तर झाले. गावात त्यांना मान होता, पत्रे वाचून घ्यायला लोक येत. त्यांची सातवी आणि माझी सातवी, इयत्ता एकच. त्यांना सातवीने मास्तर केले, आणि माझ्या सातवीवर कोणी शिपायाची नोकरी द्यायला तयार होईना. यावरून मी एक गोष्ट शिकले. विद्या माणसाजवळ राहते, पण कागदाची किंमत काळाप्रमाणे आणि मुलुखाप्रमाणे बदलते. नोट एका देशातून दुसऱ्या देशात नेली की बदलून घ्यावी लागते, तसाच पदवीचा कागदही बदलून घ्यावा लागतो. आणि नोट फाटकी असली, तिच्यावरचा नंबर जुळत नसला, तर खिडकीतला माणूस ती परत करतो. त्यात त्याचा काय दोष?

माझी धाकटी जाऊ रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, त्यावर बी. एड. दोन्ही मुंबई विद्यापीठाचे. तिचे माहेर ठाण्याचे. आमच्या घरी आल्यावर तिने अकरा वर्षे जवळच्या एका शाळेत आठवी-नववी-दहावीला विज्ञान शिकवले. २०२१ साली दिरांना इंग्लंडात काम मिळाले आणि ती दोघे मुलाला घेऊन गेली. पहिले वर्ष घर मांडण्यात गेले. पुढे ती एका शाळेत मदतनीस म्हणून लागली. लहान मुलांचे कोट अडकवणे, फळे कापून देणे, मागे पडलेल्या मुलाजवळ बसणे, असे काम. कोणतेही काम हलके नसते हे मी घरकाम करणारी बाई आहे म्हणून चांगले जाणते. पण रविवारी फोनवर ती म्हणे, "वहिनी, शेजारच्या वर्गात मीठ आणि आम्ल शिकवत होते. बाईंनी फळ्यावर चुकीचे सूत्र लिहिले. मला ते दिसत होते, पण मी मदतनीस. मी कोट अडकवत राहिले." हे सांगताना तिचा आवाज असा यायचा की मला रात्री झोप येत नसे.

तेव्हा तिकडचा नियम काय होता, तो तिने मला समजावून सांगितला. इंग्लंडात सरकारी शाळेत कायमचे शिक्षक व्हायचे तर "क्वालिफाइड टीचर स्टेटस" नावाचा दर्जा लागतो. परदेशात शिकलेल्या शिक्षकाला तो दर्जा नसतानाही चार वर्षांपर्यंत शिकवता येते, पण शाळेने तसे घ्यायला हवे. पूर्वी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातले देश एवढ्यांच्याच शिक्षकांना तो दर्जा थेट मागता येत असे. आपल्याला तो रस्ता नव्हता. १ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांनी भारतासह आणखी काही देशांच्या शिक्षकांना अर्ज करण्याची मुभा दिली. भारतासारख्या काही देशांना मात्र जादा अट घातली, ती अशी की अर्जदार अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे शिक्षण घेतलेला असावा आणि विषय गणित, विज्ञान किंवा भाषा असावा. पदवी हवी, शिक्षकी पेशाचे शिक्षण हवे, निदान एक शालेय वर्ष शिकवल्याचा अनुभव हवा, इंग्रजी चांगले हवे, आणि आपल्या देशात शिकवायला आपल्यावर कसलीही बंदी नाही हेही दाखवायला हवे. अर्जाला फी नाही.

माझ्या जावेला यातले सर्व होते. विज्ञान होते, वय जुळत होते, अकरा वर्षांचा अनुभव होता. पण "आहे" आणि "आहे असे दाखवता येते" यात सातासमुद्रांचे अंतर. कागद सगळे इकडे, आणि ती तिकडे. दिरांना रजा नाही. माझे यजमान कारखान्यात पाळीवर. सासूबाईंचे गुडघे दुखतात. राहिले कोण? मी. फोनवर मी तिला म्हटले, "तू काळजी करू नको. तू नुसते नाव सांग, कोणता कागद आणि कोठून. आणायला मी आहे."

पहिली पायरी विद्यापीठाची. पदवीचे मूळ प्रमाणपत्र तिच्यापाशी होते, परंतु सर्व वर्षांच्या गुणांचा एकत्रित उतारा, ज्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, तो नव्हता. तो विद्यापीठाकडूनच घ्यावा लागतो. विद्यापीठाचा परीक्षा विभाग कालिन्याला विद्यानगरीत महात्मा ज्योतिराव फुले भवनात आहे. डोंबिवलीहून लोकल धरायची, कुर्ल्याला उतरायचे, पश्चिमेच्या बाजूने बस. सकाळचा स्वयंपाक उरकून मी निघे. इतके मोठे आवार मी आयुष्यात प्रथम पाहिले. झाडे, रस्ते आणि सगळीकडे मुली. पाठीवर दप्तरे, हातात चहा, हसत चाललेल्या. सातवी शिकलेली मी त्या फाटकातून आत जात होते ती दुसरीच्या विद्येचा दाखला मागायला. पण खरे सांगते, आत जाताना मला संकोच वाटला नाही. ज्योतिरावांचे नाव त्या इमारतीला आहे. सावित्रीबाईंना त्यांनी घरी शिकवले आणि मग मास्तरीण केले, हे आम्हांला शाळेत सांगत. त्या नावाच्या इमारतीत एका मास्तरणीचे काम घेऊन जायला लाज कसली?

दुसरी पायरी नावाची. भगिनींनो, येथे जरा कान देऊन ऐका, कारण येथेच पुष्कळ जणी अडकतात.

आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहितात. ताटभर तांदळात नवरा अंगठीने नवे नाव काढतो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. माझ्या जावेचेही नाव असेच बदलले. आता पाहा. दहावीच्या, बारावीच्या, पदवीच्या आणि बी. एड.च्या कागदांवर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. पासपोर्टवर सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि शेवटी आईचेही. साहेबाने कागद हातात घेतला की त्याला एका बाईच्या जागी दोन बाया दिसतात. लग्नाच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव. तेथे नवे नाव लिहिलेलेच नाही! मग माहेरची ती आणि सासरची ती एकच, हे सांगणारा कागद कोणता? तो गॅझेटचा. राज्य सरकारच्या राजपत्रात नावातला बदल छापून घ्यावा लागतो. त्याचे सरकारी मुद्रणालय मुंबईत चर्नी रोडला आहे. ऑगस्टात ती सुट्टीला आली तेव्हा तिच्या सह्या घेऊन ते काम केले.

या निमित्ताने मला आपल्या कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई जोशींची आठवण झाली. १८६५ साली कल्याणला जन्मल्या, माहेरचे नाव यमुना. लग्नात आनंदी झाल्या. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि शिक्षण त्यानंतर, म्हणून पदवीवर आनंदीबाई जोशी हेच नाव पडले. यमुनेचा तेथे प्रश्नच आला नाही. आजच्या मुली आधी शिकतात आणि मग लग्न करतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तांदळातल्या नावाची रीत मात्र जुन्या काळाचीच राहिली. मुलगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या नावाने दहा प्रमाणपत्रे निघालेली असतात, आणि आपण एका अंगठीच्या टोकाने त्या सगळ्यांवर प्रश्नचिन्ह काढतो. माझे म्हणणे एवढेच की, हौस म्हणून तांदळात खुशाल नाव लिहा, लाडाने घरात त्या नावाने हाकही मारा. पण कागदावर तिचे नाव तिच्या विद्येच्या नावाशी जुळते ठेवा. कायद्याने नाव बदललेच पाहिजे असे मुळीच नाही. बदलायचेच असेल तर गॅझेट तेव्हाच करून ठेवा.

तिसरी पायरी शाळेची, आणि तीच सर्वांत अवघड गेली. शाळेचे नाव मी घेत नाही. नोकरी सोडताना जावेला शाळेने चार ओळींचा दाखला दिला होता. "श्रीमती अमुक यांनी आमच्या शाळेत समाधानकारक काम केले. त्यांना शुभेच्छा." तिकडे त्याचा काय उपयोग? त्यांना हवे होते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता विषय, किती वयाची मुले, पूर्ण वेळ की अर्धवेळ. शिवाय त्यांची विचारणा शाळेकडे ईमेलने परस्पर येते आणि शाळेने तिला उत्तर द्यावे लागते. त्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त झालेल्या, नवे कोणी जावेला ओळखत नाही, आणि हजेरीपत्रके कोठे आहेत ते कोणाला माहीत नाही. मी तीन महिने फेऱ्या मारल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, तुमचे शिक्षण किती? या गोष्टी तुम्हांला कळतात का?" मी म्हटले, "सातवी. म्हणूनच प्रत्येक ओळ तीन तीन वेळा वाचते. तुम्हीही ही एक ओळ वाचा, यात तारीख कोठे आहे?" ते गप्प बसले.

शेवटी काम केले ते शाळेच्या जुन्या शिपाईमामांनी. "बाईंनी माझ्या मुलीला दहावीला फुकट शिकवले होते," असे म्हणून त्यांनी माळ्यावरून अकरा वर्षांची हजेरीपत्रके धुळीतून काढून दिली. मी घरून पगाराच्या पावत्या नेल्या. दोन्ही जुळवून नव्या मुख्याध्यापकांनी पत्र लिहिले, इंग्रजीत, तारखांसह, आणि तिकडच्या ईमेललाही उत्तर दिले. पत्र हातात आले त्या दिवशी मी शिपाईमामांच्या घरी पेढे घेऊन गेले.

हजेरीपत्रकाची किंमत सांगण्यासाठी आपल्या शेजारच्या उल्हासनगराची एक गोष्ट सांगते. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधली हजारो कुटुंबे कल्याण कॅम्पात येऊन उतरली. १९४९ साली त्याच कॅम्पाचे उल्हासनगर झाले. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या माणसाने पदवीचा कागद कोठून आणावा? परंतु फाळणीपूर्वी कराचीची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे ज्याने तेथे पदवी घेतली त्याची पदवी मुंबईचीच. घर गेले, गाव गेले, देशाची हद्द मधून गेली, पण पदवी परकी झाली नाही. कागद हरवला तरी चालते, पण दप्तर जिवंत असावे लागते. म्हणून शाळा सोडताना, कॉलेज सोडताना आपली नोंद कोठे आहे, कोणत्या वहीत आहे, हे विचारून ठेवावे.

इंग्रजीची परीक्षा जावेने तिकडेच दिली. सर्व कागद गेले. मग वाट पाहणे. मध्ये एकदा तिने फोनवर म्हटले, "वहिनी, सोडून देऊ या का? पुरे झाले." मी म्हटले, "तू सोडलेस तर मी कालिन्याला कोणासाठी गेले?" ती हसली. २०२४ सालच्या वसंतात तिला तो दर्जा मिळाला आणि सप्टेंबरापासून ती एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. पहिल्या दिवशी तिने मला फळ्याचा फोटो पाठवला. त्यावर तिच्या अक्षरात मीठ आणि आम्लाचे सूत्र होते. मला त्यातले काही कळत नाही. पण ते बरोबर असणार याची मला खात्री होती.

सर्वांचे असेच गोड होते असे मी सांगणार नाही. आमच्या शेजारच्या काकूंची लेक डी. एड. झालेली आहे आणि अमेरिकेत राहते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, आणि शिक्षकाला पदवी लागते. तिची डी. एड. बारावीनंतरची. शिवाय नवऱ्याच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळते, पण तीही नवऱ्याच्या कायम वास्तव्याचे काम काही पायऱ्या पुढे गेले असेल तरच. ती मुलगी घरी बसून आहे आणि आता बाहेरून पदवी करते आहे. तिला मी नावे ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. कागद न मिळालेली बाई अडाणी ठरत नाही.

ऑस्ट्रेलियाचे वेगळे. तेथे शिक्षक म्हणून स्थायिक होण्यासाठी अर्ज करायचा तर एक राष्ट्रीय संस्था शिक्षण तपासते. कॉलेजची एकूण चार वर्षे पूर्ण हवीत, त्यांत शिक्षकी शिक्षण हवे, आणि निदान पंचेचाळीस दिवस वर्गावर प्रत्यक्ष पाठ घेतलेले हवेत. इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेत वाचन-लेखनाला सात आणि बोलण्या-ऐकण्याला आठ गुण लागतात. आपली पूर्वीची बी. एड. एक वर्षाची होती. २०१५ पासून ती दोन वर्षांची झाली. तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाची बी. एड. मिळून चार भरतात, पण पाठाचे दिवस किती झाले ते कॉलेजने लिहून द्यावे लागते. ते कोण आठवण ठेवते? म्हणून बी. एड. करतानाच लिहून घ्यावे.

काही देश कागदावर शिक्के मागतात. आपला देश २००५ साली एका आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तेव्हापासून त्या करारातल्या देशांसाठी आपल्या परराष्ट्र खात्याचा एक शिक्का पुरतो. त्याला अपोस्टिल म्हणतात. पण शिक्षणाच्या कागदावर त्याआधी आपल्या राज्य सरकारची तपासणी व्हावी लागते. जे देश त्या करारात नाहीत त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणखी घ्यावा लागतो.

आता शेवटी, माझ्या फिरण्यातून जे शहाणपण मिळाले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिले, मुलगी परदेशी निघण्यापूर्वीच विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट दोनतीन प्रतींत, बंद लिफाफ्यात, काढून घ्या. ती गेल्यावर एका कागदाला महिने लागतात.

दुसरे, शाळा सोडताना दाखला इंग्रजीत घ्या. त्यात तारखा, विषय, इयत्ता, मुलांचे वय, पूर्ण वेळ हे सगळे असू द्या. शाळेचा ईमेल आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का हवा. पगाराच्या पावत्या टाकू नका.

तिसरे, नावाचा मेळ घाला. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, पदवी, चारही शेजारी ठेवून एका बैठकीत पाहा. जेथे नाव जुळत नाही तेथे गॅझेट करा.

चौथे, अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि पाठांची वही जपा. घरात जागा नाही म्हणून रद्दीत घालू नका. सगळ्या कागदांचे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, एक तिच्याकडे आणि एक माहेरी.

पाचवे, दलालापासून सावध राहा. अर्धी कामे आपली आपल्याला होतात. जेथे फी नाही तेथे फी मागणारे पुष्कळ आहेत. आणि मी आज सांगितलेले नियमही उद्या बदलतील. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या सरकारचा नियम मुलीने स्वतः वाचावा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये, माझ्याही नाही.

मुलीच्या पाठवणीला आपण पाटल्या-बांगड्या मोजून देतो. त्याला स्त्रीधन म्हणतो. सोन्याची अडचणीत मोड करता येते, पण पदवीची मोड होत नाही. ती वाढतच जाते, मात्र तिचा कागद जागेवर असेल तर. यापुढे पाठवणीच्या पेटीत दागिन्यांच्या डबीशेजारी एक फाइल असावी, असे मला वाटते.

आणखी एक विनंती मंडळाला. आपल्याच डोंबिवलीत परराज्यांतून आलेल्या सुना आहेत. त्यांपैकी कोणी तिकडे शिक्षिका होत्या. येथे त्यांना पात्रता परीक्षा, भाषा, दाखले यांच्या तशाच अडचणी आहेत, जशा माझ्या जावेला इंग्लंडात होत्या. मंडळाने महिन्यातून एका शनिवारी अशा बायकांचे कागद पाहण्यासाठी दोन तास बसावे. अर्ज भरणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. रांगेत उभे राहायला आणि फेऱ्या मारायला मी आहे.